तीन मिनिटे आणि पावणेतीन तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्येष्ठांची कालजाणीव आणि नियोजनक्षमता यांविषयीचा कालच्या पुरवणीतील लेख दोनदा वाचला. मनातले घड्याळ मंदावले की नियोजनही ढेपाळते, असा त्याचा सूर आहे. पहिला भाग मला मान्य आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर मँगन यांच्या १९९६ च्या प्रयोगात तीन मिनिटे मनात मोजायला सांगितल्यावर तरुणांनी सरासरी तीन मिनिटे तीन सेकंद घेतले, तर साठ ते ऐंशी वयाच्या मंडळींनी तीन मिनिटे चाळीस सेकंद. रात्री नातवाच्या हाती मोबाईल देऊन मीही मोजले. तीन मिनिटे एकतीस सेकंद भरले. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत मी चौतीस वर्षे साच्यांत बिडाचा रस ओतला. ओतताना हात रेंगाळला की कास्टिंगला कोल्ड शट, म्हणजे रस नीट न जुळल्याची भेग येते, म्हणून सेकंद ओठांवर ठेवून काम केलेल्या माणसाला हा आकडा मनाला लागला, हे कबूल करतो.

परंतु मनातले मोजणे मंदावले, तर बाहेरचा वेळ आम्हाला कमी वाटणार, जास्त नव्हे, हे लेखकमहाशयांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. गेल्या महिन्यात पत्नीच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी एका दवाखान्यात साडेदहाची वेळ मिळाली होती. आम्ही दहा वाजून दहा मिनिटांनीच जुनी फाईल, जुना चष्मा आणि डब्यात दोन दशम्या घेऊन हजर होतो. थेंब घातल्यावर काही तास तिला नीट दिसणार नाही, म्हणून शेजारच्या मुलाला रिक्षा घेऊन साडेबाराला बोलावून ठेवले होते. आत बोलावणे आले सव्वा वाजता. मध्ये विचारले, तेव्हा काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, “आजोबा, या वयात बसून राहिलं की वेळ जास्त वाटतोय बघा.” माझ्या एकतीस सेकंदांच्या हिशेबाने तर ते पावणेतीन तास मला दोन तास वीस मिनिटांचेच वाटायला हवे होते. हिशेब ओढूनताणून आहे, हे मला कळते. पण तिच्या निदानापेक्षा तो लेखाला जवळचा आहे. रिक्षावाला पोरगा अर्थातच वाट पाहून निघून गेला होता.

राहिले नियोजन. मानसशास्त्रज्ञ टिम शॅलिस यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या, नियोजनक्षमता जोखणाऱ्या चाचणीतले रंगीत मणी कमीत कमी चालींत दांड्यांवर लावणे आम्हाला जड जात असेल, नाही कोण म्हणतो? मात्र प्रयोगशाळेत वेळेवर काम करण्यात मागे पडणारे ज्येष्ठ, घरून ठरल्या वेळी फोन करायला सांगितल्यास तरुणांच्या बरोबरीचे, पुष्कळदा सरसही ठरतात, हेदेखील संशोधनातूनच पुढे आले आहे. त्याला आपल्या लेखात एक ओळ मिळाली नाही. जागा नव्हती म्हणावे, तर अर्धे पान वाळूच्या घड्याळाच्या चित्राने व्यापले होते आणि ज्येष्ठांसाठीचा मजकूर निळ्या पट्टीवर बारीक पांढऱ्या अक्षरांत छापला होता. पत्नीने तो दुसऱ्या ओळीवरच सोडला. अखेर मीच तिला मोठ्याने वाचून दाखवला. अठरा मिनिटे लागली, भिंतीवरच्या घड्याळाने.

आपला,
एक सेवानिवृत्त मोल्डर, कोल्हापूर