रविवारची इमॅजिका सहल: सूचना

सभासदांनो, रविवारी सकाळी ६.३० ला नेरुळहून आपल्या सोसायटीच्या गेटवरून बस सुटेल. पनवेलवरून एक्स्प्रेसवेने खोपोलीकडे. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबणार नाही.

– बहुतेक कुटुंबं पहिल्यांदाच येतायत, वेळ एकच दिवस. म्हणून फक्त थीम पार्क. वॉटर पार्कचं तिकीट वेगळं, आणि दोन्ही उरकायच्या नादात एकही धड होत नाही.

– मुलांची उंची घरीच मोजून ठेवा. नायट्रो या रोलर कोस्टरच्या रांगेत ताटकळून मोजपट्टीपाशी परत पाठवलं की रडारड ठरलेली.

– डबे बसमध्येच संपवा. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत.

– चालणं भरपूर. आजी-आजोबांनी बूट घालावेत.

नावं आणि पैसे गुरुवारपर्यंत खजिनदारांकडे.