मीटर ‘ए’वर, दणका ‘बेस’चा

मा. संपादक,

सणांचे दिवस आले की महाराष्ट्रात एक वाद हमखास पेटतो. एक बाजू म्हणते, आधी मशिदींवरचे भोंगे उतरवा. दुसरी म्हणते, आधी मिरवणुकीतला डीजे बंद करा. दोघेही डेसिबलचे आकडे पुढे करतात आणि आकडा आला की बोलणेच संपते. पण हे दोन आवाज एकाच मीटरने मोजले तरी एकाच मापाने मोजले जात नाहीत. भोंग्याचा आवाज मीटर पुरेपूर पकडतो, तर डीजेच्या आवाजातला सर्वांत त्रासदायक भाग जवळजवळ सोडून देतो. कोणत्या धर्माचे किती चुकते याचा हिशेब मांडण्याआधी हे माप दुरुस्त व्हायला हवे, म्हणून हे पत्र.

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सार्वजनिक जागेत लाउडस्पीकर लावला असेल तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यावर जाता कामा नये. म्हणजे निवासी भागात दिवसा ६५. हे सगळे आकडे नियमात ‘ए’ मापात दिलेले आहेत. सगळी गोम या ‘ए’त आहे.

आवाज हळू असला की माणसाच्या कानाला खर्जातले सूर कमी ऐकू येतात. कानाची ही सवय मीटरमध्ये आणण्यासाठी १९३०च्या दशकात ‘ए’ फिल्टर ठरवला गेला, तोही हळू आवाजांवरच्या प्रयोगांच्या आधारे. हा फिल्टर १००० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांचा, सूर आहे तसा मोजतो. १०० हर्ट्झला तो सुमारे १९ डेसिबल वजा करतो, ६३ हर्ट्झला २६ आणि ५० हर्ट्झला ३०. आवाज मोठा झाला की कान खर्जही भरपूर ऐकतो, पण फिल्टरची वजाबाकी तीच राहते.

आता मिरवणुकीतली सिस्टीम बघा. साउंडवाले ज्याला ‘बेस’ म्हणतात ते १८ इंची स्पीकरचे खोके ४० ते ८० हर्ट्झमध्ये काम करतात. ५० हर्ट्झचा ठोका प्रत्यक्षात ११० डेसिबलचा असेल, तर ‘ए’वर ठेवलेल्या मीटरच्या पडद्यावर तो ८० दिसतो. त्याच वेळी समोरच्या घरात खिडकीची काच चौकटीत थरथरते, मांडणीतली स्टीलची ताटे एकमेकांवर किणकिणतात, तांब्यातल्या पाण्यावर वलये उठतात आणि पाळण्यातले मूल दचकून उठते. तक्रार करणाऱ्याला मात्र ‘आकडा तेवढा नाही’ असे ऐकावे लागते. भोंग्याचे उलटे आहे. त्याचा जोर साधारण १००० ते ४००० हर्ट्झवर असतो. तिथे ‘ए’ काहीच वजा करत नाही, उलट एखाद-दुसरा डेसिबल वाढवतो. भोंग्याचे ८० हे खरोखर ८० असतात, बेसच्या ८० मागे ११० लपलेले असू शकतात. ३० डेसिबलचा फरक म्हणजे ऊर्जेत हजारपट. असे माप हातात धरून दोन धर्मांच्या आवाजांची तुलना करणे अन्यायाचे आहे, आणि हा अन्याय शास्त्राच्या नावाने होतो याचे जास्त वाईट वाटते.

बहुतेक चांगल्या मीटरवर ‘ए’च्या शेजारी ‘सी’ असा पर्याय असतो. ‘सी’ ५० हर्ट्झला जेमतेम सव्वा डेसिबल वजा करतो. एकाच जागी आधी ‘ए’, मग ‘सी’ अशी दोन वाचने घ्यावीत. दोन्हींत पाच-सात डेसिबलचा फरक असेल तर ते साधे गाणे-बोलणे आहे. फरक १५-२० वर गेला तर तो बेसचा दणका आहे हे निःशंक समजावे. कायद्याची मर्यादा ‘ए’त असली तरी पंचनाम्यात ‘सी’चे वाचन लिहायला कोणताही नियम आड येत नाही. ते लिहिले जाऊ लागले, तरच पुढे नियम बदलायला आधार मिळेल.

मोजतानाही बऱ्याच चुका होतात. मोजण्याआधी आणि मोजून झाल्यावर मीटर कॅलिब्रेटरवर, म्हणजे १००० हर्ट्झ आणि ९४ डेसिबलच्या ठरलेल्या सुरावर, तपासायचा असतो. या दोन तपासण्यांत अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त फरक पडला तर मधली सगळी वाचने बाद धरावीत. माइकवर स्पंजची टोपी हवी, कारण वाऱ्याची झुळूकसुद्धा खर्जाचा आकडा फुगवते. मीटर जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंच असावा आणि भिंतीपासून शक्य तितका दूर. भिंतीला चिकटून उभे राहिले की परावर्तनामुळे तीन ते सहा डेसिबल उगाच वाढतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सिस्टीम बंद असताना पाच मिनिटे नुसत्या रस्त्याचा आवाज मोजायचा. आपल्या शहरांत ५५ची मर्यादा नुसत्या वाहतुकीनेच ओलांडली जाते. हे आधी नोंदवले नाही तर ‘मर्यादा ओलांडली’ या वाक्याला अर्थ उरत नाही, आणि समोरचा वकील नेमके तेच विचारतो. मोबाइलवरची ॲप्स अंदाजापुरती ठीक आहेत. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, तो खर्ज कापतो आणि मोठ्या आवाजात दबून जातो. त्यामुळे ॲपवरचा आकडा डीजेच्या बाबतीत हटकून कमी येतो.

मोजण्याच्या फंदात न पडताही एक उपाय आहे, आणि माझ्या मते तोच आधी करावा: बेसचे खोके मोजावेत. एकाशेजारी एक ठेवलेले बेस एकमेकांना जोर देतात. प्रत्येक खोक्याला तेवढीच ताकद देऊन खोके दुप्पट केले की खर्ज सुमारे सहा डेसिबलने वाढतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ झाले की १८ डेसिबल वाढले. त्यात ५० हर्ट्झची लहर जवळपास सात मीटर लांब असते. पेठेतल्या गल्लीची रुंदी साधारण तेवढीच. बंद खिडकी ही लहर फारशी अडवत नाही, पडदे तर नाहीच. म्हणून परवानगीच्या अर्जावरच ‘बेस किती, टॉप (म्हणजे खर्जाच्या वरचे सूर वाजवणारे खोके) किती’ असे रकाने असावेत आणि गाडी रांगेत लागण्याआधी खोके मोजून घ्यावेत. हे काम डोळ्यांनी होते, त्याला मीटर लागत नाही आणि वादही होत नाही. गाण्याचे शब्द, आरती, घोषणा हे सगळे टॉपमधून येते. माणसाचा आवाज मुळात १०० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो, त्यामुळे कंट्रोलरमध्ये, म्हणजे कोणते सूर कोणत्या खोक्यात जातील हे ठरवणाऱ्या यंत्रात, ८० हर्ट्झखालचे सगळे कापले तरी आरतीतला एक शब्दही हरवत नाही. जाते ती फक्त छातीतली धडक.

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५च्या निकालात लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे म्हटले, आणि ध्वनियंत्रणेतच आवाज मर्यादित ठेवणारी व्यवस्था बसवण्याचा विचार करायला सरकारला सांगितले. बातम्यांत पहिला भाग गाजला. कामाचा भाग दुसरा आहे. अशा व्यवस्थेला लिमिटर म्हणतात. तो आवाज एकत्र करणारा मिक्सर आणि ते वाढवणारा अ‍ॅम्प यांच्यामध्ये बसतो आणि सिग्नल ठरलेल्या पातळीवर गेला की दाबतो. गडबड इथेच होते. केबल काढून मिक्सर थेट अ‍ॅम्पला जोडला की लिमिटर बाजूला पडतो, आणि हे करायला अर्धे मिनिटही लागत नाही. म्हणून लिमिटर अ‍ॅम्पच्याच डीएसपीत (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या चिपमध्ये) बसवून पासवर्डने बंद करावा, किंवा जोडणीच्या पेटीला सील लावावे. पातळी ठरवताना गाणे लावू नये. प्रत्येक सप्तकात सारखी ऊर्जा असलेला ‘पिंक नॉइज’ लावून, ठरलेल्या अंतरावर ‘ए’ आणि ‘सी’ दोन्ही वाचने घेऊन पातळी बांधावी. फक्त ‘ए’वर बांधलेला लिमिटर बेसला मोकळे रान देतो.

भोंग्यांबद्दलही सरळ बोलायला हवे. साधा भोंगा एका वॅटला एक मीटरवर १०५ डेसिबलच्या आसपास देतो. ५० वॅट दिले की १२२. अंतर दुप्पट झाले की सहा डेसिबल कमी होतात, म्हणजे मोकळ्यावर १०० मीटरवर ८२ उरतात, तेही जिथे दिवसाची मर्यादा ५५ आहे अशा वस्तीत. बटण फिरवून ५० वॅटचे ५ केले तरी फक्त १० डेसिबल उतरतात. त्यामुळे ‘आम्ही आवाज कमी केला’ हे म्हणणे खरे असूनही उपयोगाचे नसते. चूक भोंग्याच्या जागेत आहे. उंचावर बांधलेला भोंगा आवारातल्या माणसांच्या डोक्यावरून जातो आणि समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत शिरतो. त्याऐवजी आवारात माणसाच्या उंचीच्या जरा वर, आतल्या बाजूला तोंड करून छोटे कॉलम स्पीकर दर पाच-सहा मीटरवर लावले, तर प्रत्येक स्पीकर अगदी हळू चालवून भागते. आतल्या माणसाला शब्द स्वच्छ ऐकू येतात, कारण दुरून येणारा प्रतिध्वनी मिसळत नाही, आणि कुंपणाबाहेर आवाज पटकन विरतो. मशीद, मंदिर, चर्च, विहार, सगळीकडे हे सारखेच लागू आहे. खर्च भोंग्यांपेक्षा जास्त येतो. तो देणगीदारांनी उचलावा, असे दान वाया जाणार नाही.

पहाटेची काकडआरती आणि फजरची अजान या दोन्ही वर्षातले बरेच महिने सकाळी ६च्या आधी होतात. नियमाने तो रात्रीचा काळ आहे आणि बंद सभागृहाच्या आतला वापर सोडला तर लाउडस्पीकर चालतच नाही. इथे दोन्ही धर्मांना एकच घड्याळ लागू आहे. मुंबईतल्या काही मशिदींनी २०२५मध्ये अजान मोबाइल ॲपवरून घरोघरी पोहोचवायला सुरुवात केली. ज्याला हवी त्याच्या कानापर्यंत ती नेमकी जाते. पहाटेच्या काकड्यासाठी मंदिरांनाही हीच वाट घेता येईल.

यात श्रद्धेचा अपमान आहे असे ज्यांना वाटते त्यांनी तारखा पाहाव्यात. सार्वजनिक गणेशोत्सव १८९०च्या दशकातला, अजान त्याच्याही कितीतरी शतके आधीची, आणि आज वापरतो तसा लाउडस्पीकर १९२०च्या दशकातला. आषाढी वारीत शेकडो दिंड्या टाळ, मृदंग आणि वीणेवर पंढरपूरपर्यंत चालत जातात. त्या नामघोषाला कधी अ‍ॅम्प लागला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली चेन्नईतल्या एका चर्चच्या प्रकरणात हेच सांगितले होते: दुसऱ्यांची शांतता भंग करून किंवा ध्वनिवर्धक लावून प्रार्थना करा, असे कोणताही धर्म सांगत नाही.

बेसच्या बाजूने एक शंका रास्त आहे, तिचे उत्तर देतो. कानाचे कायमचे नुकसान किती होईल याचा अंदाज ‘ए’ मापच चांगला देते. बेसचा त्रास मुख्यतः झोपेचा, थरथरीचा आणि अस्वस्थतेचा आहे. पण म्हणून कानांचा धोका कमी होत नाही, तो फक्त दुसऱ्यांच्या वाट्याला येतो: गाडीच्या दोरीला धरून टॉपसमोर चालणाऱ्या पोरांच्या आणि ढोल-ताशा वाजवणाऱ्यांच्या. कामगारांच्या आरोग्यासाठी वापरला जाणारा ‘नायॉश’ या अमेरिकी संस्थेचा दंडक असा की ‘ए’ मापात ८५ डेसिबल आठ तास चालतात आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ला चार तास, ९४ला एक तास, १००ला पंधरा मिनिटे, १०६ला चार मिनिटेही नाहीत. टॉपच्या तोंडाशी किंवा ताशाला खेटून १००च्या वर असणे नेहमीचेच आहे, आणि मिरवणूक चालते दहा-दहा तास. आतल्या कानातल्या केसपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

ढोलपथकांनी आणि मंडळांनी सराव सुरू होण्याआधीच इअरप्लग वाटावेत. कानात कापूस घालून काही होत नाही. फोमचा प्लग दोन बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत, म्हणजे अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवायचा. अर्धवट बसलेला प्लग निम्मेही काम करत नाही. दर तासाला दहा मिनिटे गाडीपासून लांब जाऊन कानांना विश्रांती द्यावी. दुसऱ्या दिवशी सकाळीही कानात शीळ वाजत असेल किंवा एका कानाने कमी ऐकू येत असेल, तर ‘होईल बरे’ म्हणून थांबू नये. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे. अचानक गेलेल्या ऐकण्यावर औषध जितके लवकर सुरू होईल तितका त्याचा उपयोग जास्त.

– ध्वनियंत्रणेच्या कामातला एक वाचक, सातारा