सासवड सायकल राइड : निघण्याआधी एवढं बघा

मंडळी, शनिवारी पहाटे ५:३० ला पुण्यात कोंढव्याचा खडी मशीन चौक. बोपदेव घाटाने सासवड, मुक्काम. रविवारी नारायणपूर करून त्याच घाटाने परत. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा नसेल तर येऊच नका.

दोन ट्यूब आणा, आपल्याच मापाच्या. व्हॉल्व्ह प्रेस्टा (बारीक, लांब तोंडाचा) असेल तर पंपही तसाच हवा. पंक्चर झालं की नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवा. बाभळीचा काटा आतच अडकलेला असतो, आणि मग नवी ट्यूबही गेलीच म्हणून समजा!

उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका, रिम तापते, दाबा-सोडा करा. रिम-ब्रेकच्या पॅडवरच्या खाचा पुसल्या गेल्या असतील तर शुक्रवारीच पॅड बदला. पाण्याच्या दोन बाटल्या भरूनच या.