‘बाय’च्या आधी ‘हाय’ही आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकी हिप-हॉप बीटमेकर (जुन्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे जोडून ताल-संगीत रचणारे) जे डिला यांच्या ‘डोनट्स’ या अल्बमवरील कालच्या पुरवणीतील लेख वाचला. लेखकाची तळमळ मान्य. परंतु ज्यात कोणी रॅपर नाही, जुन्या तबकड्यांतून कापून घेतलेल्या हाका तेवढ्या ऐकू येतात, अशा ३१ तुकड्यांत त्यांना एवढे मृत्युचिंतन सापडावे याचे नवल वाटले. अल्बम ७ फेब्रुवारी २००६ रोजी, डिलांच्या बत्तिसाव्या वाढदिवशी निघाला आणि तीन दिवसांनी ते गेले. तेव्हापासून समीक्षकांना दुसरे काही सुचतच नाही. सगळा अल्बम रुग्णालयाच्या खाटेवर रचला गेला, ही दंतकथा आपल्याकडेही छापून आली. वास्तविक, डॅन चार्नस यांनी २०२२ मध्ये लिहिलेल्या डिलांच्या चरित्रानुसार यातले बरेचसे काम आधीच घरी संगणकावर झाले होते आणि त्या बीट-टेपची (अशा तुकड्यांच्या कच्च्या संचाची) लांबी वाढवून तिला अल्बमचे रूप देण्यात अल्बम काढणाऱ्या कंपनीच्या जेफ जँक यांचा मोठा वाटा होता. लेखकांना ‘बाय’ या तुकड्यात अखेरचा निरोप ऐकू आला, त्याच्या लगेच आधीचा ‘हाय’ हा तुकडा बहुधा ऐकायचा राहिला असावा. ‘पिचफोर्क’ या अमेरिकी संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळाने अल्बमला प्रथम दहापैकी ७.९ गुण दिले आणि पुढे पुनर्प्रकाशनाच्या वेळी पूर्ण १०. संगीत मात्र तेच होते.

माझे थोरले बंधू हार्मोनियम वाजवत. त्यांच्या शोकसभेत एका विद्वान वक्त्यांनी त्यांची ध्वनिमुद्रित भैरवी ऐकवली आणि तिच्या प्रत्येक सुरात मृत्यूची चाहूल असल्याचे सद्गदित होऊन सांगितले. ते ध्वनिमुद्रण आजाराचे निदान होण्याच्या कितीतरी आधीचे होते, भैरवी प्रत्येक बैठकीच्या शेवटी होतेच, आणि त्या संध्याकाळी बंधूंना एकच चिंता होती, ती म्हणजे भात्यातून हवा जाते याची. मधल्या सप्तकात त्यांनी घेतलेली एक अवघड जागा, जिच्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे रियाज केला, तिच्याविषयी सभेत कोणी चकार शब्द काढला नाही. आपल्या लेखातही ‘वर्किनॉनइट’ या तुकड्यात टेनसीसी या ब्रिटिश बँडच्या गाण्याचे तुकडे कसे कापून जोडले आहेत, याला एक ओळ मिळालेली नाही, डिलांच्या आजारपणाला मात्र दोन परिच्छेद मिळाले आहेत.

जाता जाता आणखी एक. आपल्या पुरवणीत संगीतकारांवरचे लेख बहुधा पुण्यतिथीच्या आसपासच येतात. हयात आणि ठणठणीत असलेल्या एखाद्या बीटमेकरवर लिहायला कोणता मुहूर्त लागतो, हे कृपया कळवावे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, पुणे