मुलाच्या बाजूने कोर्टात बोलतं कोण?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली 'मुलाचा ताबा अखेर आईकडे' ही बातमी वाचली आणि रात्रभर डोक्यातून गेली नाही. दोन्ही वकील काय म्हणाले ते आलंय, आजी काय म्हणाली तेही आलंय, पण मुलाच्या वतीने कोण बोललं याची एक ओळ नाही. कारण त्याच्या वतीने बोलायला कुणी नसतंच. ऐकीव सांगत नाहीये, माझ्या बहिणीच्या केसला 2 वर्षं मी तिच्यासोबत प्रत्येक तारखेला गेलेय.

भाचा तेव्हा 9 वर्षांचा होता. अंतरिम आदेशात तो वडिलांकडे आणि त्याची धाकटी बहीण आईकडे असं ठरलं, आणि भेटीसाठी पहिला-तिसरा शनिवार. आता बघा, त्याच शनिवारी हा आईकडे यायचा आणि त्याच शनिवारी ती बाबांकडे जायची. म्हणजे भाऊ-बहीण एकमेकांना भेटणार कधी तर दारात, एक आत येताना आणि एक बाहेर पडताना, चपला घालेपर्यंत काय ते बोलणं. दोन्ही वकिलांनी आपापल्या अशिलाला सारखे दिवस मिळाले ना एवढंच मोजलं होतं. 7 महिने हे असं चाललं!

मधे एकदा न्यायाधीश मॅडमनी त्याला चेंबरमध्ये बोलावलं. त्या प्रेमानेच बोलल्या, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण विचारलं काय, तर तुला कुणाकडे राहायचंय. बाहेर आला तेव्हा पाण्याच्या बाटलीचं झाकण नुसतं उघडत होता, लावत होता. मला म्हणाला, मावशी, मला छोटीबद्दल सांगायचं होतं पण ते त्यांनी विचारलंच नाही. मी लगेच आमच्या वकिलांना गाठलं तर ते म्हणाले, ताई, मी तुमच्या बहिणीचा वकील, मुलाचं म्हणणं मी मांडलं तर समोरचे लगेच म्हणणार की पढवून आणलाय. त्यांचंही चूक नव्हतं. शेवटी विवाह समुपदेशक बाईंच्या लक्षात आलं आणि शनिवार बदलले, पण त्यांचं मुख्य काम दोघांत समेट घडवायचं, त्यांच्या टेबलावर त्या दिवशी फायलींचा ढीग होता, प्रत्येक मुलाकडे त्या कधी बघणार?

कायद्यात काहीच नाही असंही नाही. 1890 चा पालक आणि पाल्य कायदा म्हणतो की मुलाला पुरेशी समज असेल तर त्याची पसंती कोर्ट विचारात घेऊ शकतं. घेऊ शकतं, घेतलीच पाहिजे असं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराचं कलम 12 तर स्पष्ट सांगतं की मुलाला स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत म्हणणं मांडायची संधी मिळालीच पाहिजे, आपण तो करार 1992 मध्ये मान्य केलाय. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्यात कलम 13 खाली न्यायमित्र, म्हणजे कोर्टाला मदत करणारा कायद्याचा जाणकार, नेमता येतो, पण तेही कोर्टाला गरज वाटली तरच. आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे की उद्या एखाद्या फ्लॅटच्या दाव्यात याच मुलाला प्रतिवादी केलं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 32 प्रमाणे कोर्टाला त्याच्यासाठी दाव्यापुरता पालक नेमावाच लागतो, ज्याचे हितसंबंध त्याच्या विरुद्ध नाहीत असा माणूस. फ्लॅटसाठी माणूस मिळतो आणि तो स्वतः कुठे राहणार हे ठरतं तेव्हा तो साधा पक्षकारसुद्धा नसतो.

मोठ्या माणसांचंही तेच. ज्यांना स्वतःचं हित जपता येत नाही अशांसाठीही आदेश 32 मध्ये सोय आहे, पण आधी ते कोर्टाच्या लक्षात यायला हवं ना. आमच्या बाकावर एकदा तिशीतली एक मुलगी बसली होती, समज कमी आहे हे दोन मिनिटांत कळत होतं, आणि तिचा भाऊ तिला सारखं सांगत होता, विचारलं की फक्त हो म्हण. तिने आत जाऊन हो म्हटलं असणार. ती कशाला हो म्हणाली हे तिला कुणी समजावून सांगितलं का, हा प्रश्न माझ्या मनातून अजून जात नाही.

आणि एक, हे तुमच्यासाठीच. कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम 11 प्रमाणे दोघांपैकी एकाने जरी मागितलं तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते, ती सोय कशासाठी आहे ते तुमच्या वार्ताहरांना माहीत असेलच. तरी मुलाचं नाव गाळून तुम्ही सोसायटीचं नाव, शाळा आणि इयत्ता छापलीत. त्याच्या वर्गात कुणाला ओळखायचं राहिलं? तुमच्या वेबसाइटवर ती बातमी आज सकाळपर्यंत तशीच होती, कृपा करून शाळेचं आणि सोसायटीचं नाव तरी आजच्या आज काढा.

एक मावशी
(पत्र छापलंत तर माझं नाव-गाव देऊ नका, भाचा आता आठवीत आहे आणि पेपर वाचतो.)