ऊन पाहायला आलेली माणसं

नागपूर, ९ मे

प्रिय चिऊ,

परवा तू फोनवर विचारलंस, "बाबा, लोक एवढे पैसे खर्चून दूर देशी काऊन जातात?" तेव्हा मी पंपावर डिझेलच्या रांगेत होतो, हो-हो करून फोन ठेवला. तुझ्या ट्रॅव्हल कंपनीच्या ऑफिसात तुला यावर काही लिहून द्यायचं आहे ना? मी शिकलेला नाही तेवढा, पण वीस वर्षं टुरिस्टांची गाडी चालवतो आहे. जमेल तसं लिहितो. आई कूलरमध्ये पाणी भरते आहे, बाहेर रस्त्यावर कुत्रंही नाही.

या उन्हावरूनच घे. मे महिन्यात आपली गल्ली मनालीला पळते आणि नेमकी तेव्हाच माझ्या गाडीला उसंत नसते. ताडोबा, पेंचमधले नाले आटतात, पानगळीनं जंगल उघडं पडतं, वाघाला पाणवठ्यावर यावंच लागतं. हिवाळ्यात जंगल देखणं, पण वाघ गवतात दडलेला. पावसाळ्यात तर कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, बंदच. म्हणजे ज्या उन्हाला आपण शिव्या घालतो, त्याच उन्हात सायटिंग चांगलं होतं, म्हणजे वाघ दिसतो.

एकदा नॉर्वेच्या ट्रोम्सोची दोघं होती. त्यांच्याकडे नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही म्हणे. त्या काळोखात आकाशात हिरवा उजेड हलतो, तो बघायला जगभरचे लोक बर्फात कुडकुडत उभे राहतात. ते अंधार विकतात, आपण ऊन विकतो! त्या बाईनं एसी बंद करायला लावला आणि हात खिडकीबाहेर काढून बसली. मी म्हटलं, बाप्पा, ऊन लागेल, हा कांदा ठेवा खिशात. तिनं तो कांदा घरी नेला की नाही, देव जाणे.

तर आपल्याकडे जे नाही ते बघायला माणूस निघतो, असा माझा हिशोब. पैशाचं आणि व्हिसाचंही असतं. थायलंडनं २०२३च्या नोव्हेंबरात आपल्या लोकांना व्हिसा माफ केला, तेव्हापासून जो तो बँकॉकचं बोलतो. पण सोपं असलं तरच लोक जातात असंही नाही. भूतान दूरच्या परदेशी पाहुण्यांकडून रात्रीचे १०० डॉलर घेतो, आपल्याकडून १२०० रुपये. तरी लोक जातातच.

आणि जे बघायला येतात तेच बघून जातात असंही नाही. धंद्याच्या सुरुवातीला मी एका जोडप्याला मंगळवारी ताडोबाला नेलं. मंगळवारी गेट बंद! चूक माझीच, तोंड दाखवायला जागा नव्हती. परतताना वरोऱ्याच्या अलीकडे चहाला थांबलो, तर शेजारच्या अंगणात एक बाई उलट्या मडक्यावर लांब रोट्या टाकत होती. सैल कणीक दोन्ही हातांवर झुलवायची, झुलवता झुलवता रुमालाएवढी करायची आणि अलगद मडक्यावर पसरायची. ती दोघं तासभर तिथेच उकिडवी बसली. तिनं त्यांना तिखटजाळ वांग्याच्या भाजीसोबत जेवू घातलं, पैसे घेतले नाहीत. नाकातोंडातून पाणी आलं, तरी उठेनात. एअरपोर्टवर उतरताना वाघाचं नावही निघालं नाही.

पण बेटा, हा माझा सगळा हिशोब दीक्षाभूमीपाशी चुकतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली, तिथे दसऱ्याला येणारी माणसं हॉटेलात उतरत नाहीत. रेल्वेनं, ट्रकनं येतात, रस्त्याच्या कडेला चटई टाकून झोपतात, आणि जाताना डोक्यावर पुस्तकांचं गाठोडं असतं. एका म्हाताऱ्या जपानी गृहस्थांना मी तिथे आणि मग कामठीच्या ड्रॅगन पॅलेस बुद्धविहारात नेलं होतं. दीक्षाभूमीच्या स्तूपात शिरले ते दीड तास बाहेरच आले नाहीत. मी वेटिंगचे पैसे लावणार होतो, लावले नाहीत. बुद्धविहारं तर त्यांच्या देशात ढीगभर असतील. मग ते इथे कशाला आले? माहेरी आल्यासारखे आले असावेत, एवढंच मला सुचलं. तुला याहून बरं काही सुचलं तर कळव.

शुक्रवारी पहाटे चारला ताडोबाच्या मोहर्ली गेटची पार्टी आहे, त्याआधी गाडीत डिझेल भरून घ्यायचं आहे. आणि हो, तुझ्या साहेबांना सांग, ताडोब्याचं पॅकेज बनवाल तर मंगळवार सोडून बनवा.

तुझा,
बाबा