हात मागे बांधून उभे राहिलात, त्याबद्दल

प्रिय काका,

तोंडावर आभार मानले असते तर "बरं बरं, चहा टाक" म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. ठाण्यात डुकाटी मोटरसायकलींची इंजिनं सांभाळणारी माणसं थोडीच असतील. पण जी आहेत त्यांना तुम्ही काय केलंत ते कळायला हवं.

माझी जुनी डुकाटी मॉन्स्टर पाहून लोक बहुतेक दोनच प्रश्न विचारतात: किंमत किती आणि पळते किती. तुम्ही खाली वाकून इंजिनाच्या उजव्या अंगाची काळी झाकणं बोटानं ठोकलीत आणि विचारलंत, "ह्याच्या आत काय?" टायमिंग बेल्ट आहेत म्हटल्यावर तुम्ही ताठ उभे राहिलात. वागळे इस्टेटमध्ये पॅकिंग मशीनच्या मेंटेनन्सवर तुमची उमेदीची वर्षं गेलेली. दात्यांचा बेल्ट म्हणजे काय आणि तो वेळेवर बदलला नाही तर काय होतं, हे तुम्हाला मी सांगायची गरजच नव्हती.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींत कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, फिरवायला चेन असते आणि तिच्याकडे वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही. डुकाटीच्या या इंजिनात दोन सिलिंडर नव्वद अंशांत, एक पुढे आडवा आणि एक उभा, आणि प्रत्येकाला स्वतःचा रबरी बेल्ट. त्याआधी याच कंपनीच्या गाड्यांत हे काम दांडे आणि तिरके गिअर करायचे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी पँटा नावाच्या गाडीबरोबर बेल्ट आले. शिवाय इथे व्हॉल्व्ह बंद करायचं काम स्प्रिंगवर सोडलेलं नाही, त्यासाठी वेगळा रॉकर, म्हणजे छोटी तरफ, असतो. डुकाटीचे इंजिनिअर फाबिओ तालिओनींनी १९५६ साली रेसच्या गाडीवर बसवलेली ही डेस्मोड्रोमिक पद्धत डुकाटीनं आजही काही इंजिनांत टिकवली आहे. सगळं सुंदर आहे, पण बेल्ट तुटला किंवा दाते सरकले की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतो आणि खर्च इंजिन उघडण्यापर्यंत जातो. त्यात रबर किलोमीटर मोजत बसत नाही. गाडी नुसती उभी असली तरी बेल्टचं वय वाढतंच. जुन्या मॉडेलांना दोन वर्षांची मुदत धरायची पद्धत आहे ती त्यामुळेच.

हे काम घरी करायचं ठरवण्याआधी मी विचारपूस केली होती. एका वर्कशॉपमध्ये तर "मॅडम, चालतेय ना गाडी? मग कशाला उघडताय?" असं ऐकवलं. दुसरीकडे गाडी सोडून जा, झाली की फोन करू, एवढंच. माझ्यासमोर करा म्हटलं तर नाही म्हणाले. मला गाडी दुरुस्त होऊन हवी होतीच, पण आत काय चाललंय ते पाहायचंही होतं. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मग पाना तू धर. मी उभा राहतो."

काका, माझे खरे आभार या वाक्याबद्दल आहेत. चाळीस वर्षं पाने फिरवलेल्या माणसाला दुसऱ्याचे चाचपडणारे हात पाहणं किती जड जातं, ते मला दिसत होतं. झाकणाचा एक बोल्ट गंजून बसला होता. मी त्याच्याशी झटत असताना तुमची बोटं पाठीमागे एकमेकांत अडकलेली होती. तुम्ही फक्त म्हणालात, "एलन की पूर्ण आत बसली का बघ. मग जोर." बसली नव्हती. खोबणीतली माती टोकरून काढली, की नीट बसवली आणि बोल्ट हलला. तुम्ही करून दिला असतात तर तो क्षणात निघाला असता आणि मला पुढच्या वेळी परत तुम्हाला हाक मारावी लागली असती.

बाहेर आषाढातला पाऊस, स्टिल्ट पार्किंगमध्ये तुमच्या घरून ओढलेल्या वायरीवरचा बल्ब. प्लग काढले, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली आणि पॅडॉक स्टँडवर अधांतरी उचललेलं मागचं चाक हातानं पुढे फिरवत खुणा जुळवल्या. पुलीवरचा ठिपका आणि समोरची रेघ समोरासमोर आल्या, तरी तुम्ही थांबवलंत. "कंपनीची खूण कंपनीची. आपली वेगळी कर." मग पांढऱ्या रंगानं प्रत्येक पुलीवर आणि तिच्या शेजारी रेघ ओढली. बेल्ट उतरवताना एक पुली व्हॉल्व्हच्या भारानं किंचित जागची सरकली, तेव्हा त्या रेघेनंच तिची जागा सांगितली. बेल्ट नसताना इंजिन जरासुद्धा फिरवायचं नाही, हे तुम्ही चाकाजवळ कुणी मूल आलं की दरवेळी बजावत होतात.

जुना बेल्ट बाहेरून ठीक दिसत होता. तुम्ही तो माझ्या हातात देऊन उलटा वाकवायला सांगितलंत आणि बल्बाखाली धरलात. दात्यांच्या मुळाशी केसासारख्या बारीक भेगा होत्या आणि एका कडेला धागे सुटू लागले होते. "हा आज तुटला नसता," तुम्ही म्हणालात, "पण किती दिवस, ते तो सांगत नाही." नवे बेल्ट मात्र वाकवू दिले नाहीत, तेलकट हात लावू दिला नाहीत. बाणाची दिशा पाहून सरळ पुलीवर चढवले.

आणि मग ताण. घरी काम करणारे बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या पुलीत आणि बेल्टमध्ये पाच मिलिमीटरची एलन की घासून जाते, सहाची जात नाही, असं पाहतात. तेही आपण पाहिलं. पण बेल्टला टिचकी मारून त्याचा सूर मोजायचीही पद्धत आहे, आणि या जुन्या दोन-व्हॉल्व्ह इंजिनांना ११० हर्ट्झ धरतात. (दुसरं मॉडेल असेल तर आपल्या मॅन्युअलमधला आकडा पाहावा. आणि इंजिन थंड हवं. तापलं की सिलिंडर वाढतो आणि बेल्ट आवळतो.) फोनवरचं अ‍ॅप कधी ११० दाखवी, कधी एकदम २२०. मी गोंधळले. तुम्ही काही न बोलता वर गेलात आणि भजनी मंडळाची पेटी घेऊन आलात. पांढरी सहा ४४० ला, तिच्याखालची २२० ला, आणि त्याहीखाली खर्जात ११०. तुम्ही तो सूर धरून ठेवलात, मी बेल्टला टिचकी मारत टेन्शनर सरकवत गेले. "फोन वरच्या सप्तकातलं सांगतोय, तू खालचा ऐक." सूर जुळला, बोल्ट आवळला की चढला. परत ढिला केला, परत लावला. दुसऱ्या बेल्टलाही तसंच. वॉचमनमामा तिथेच खुर्ची घेऊन बसले होते.

शेवटी मला घाई झाली होती, तुम्हाला नव्हती. इंजिनाचे पूर्ण दोन फेरे हातानं, म्हणजे कॅमचा एक. खुणा परत जुळल्या. "अजून एकदा." परत जुळल्या. ताण पुन्हा ऐकला. मगच प्लग, मगच झाकणं. स्टार्टर दाबताना तुम्ही हात मागून काढून माझ्या खांद्यावर ठेवलात. गाडी पहिल्याच दमात सुरू झाली. तुम्ही आधी गाडीकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलंत, ते मी विसरणार नाही.

त्यानंतर येऊरला जाऊन आले, घोडबंदर रोडच्या रहदारीत तासभर रांगत तापवून पाहिली. आवाज एकसारखा आहे.

आता व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट तपासणं, बाकी आहे. उघडायच्या आणि मिटायच्या, दोन्ही बाजूंच्या शिम, म्हणजे ती फट ठरवणारे मापाचे बारीक तुकडे, मोजाव्या लागतील, आणि ते बेल्टहून किचकट आहे. पाऊस सरला की काढू म्हणते. फट मोजायचा फीलर गेज मी आणलाय. पाना मीच धरणार, तुम्ही तेवढे उभे राहा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची